माण हरावं म्हणून मी माल्याला गेले

फुटबॉल बघायला मी कधी प्रवास करीन असं लातुरात मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण दोन हजार सातच्या फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी सातला मी नवऱ्याच्या बाइकवर मागे बसून माणहून माल्याला निघाले. तेही मनात पाप घेऊन. आपल्याच नवऱ्याची टीम हरावी, हे ते पाप.

सांगते. आमचे घरमालक नाना. त्यांची शेती आयटी पार्कात गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधल्या. गावाच्या नावाची फुटबॉल टीमही त्यांचीच. गावातली पोरं प्लॉटच्या धंद्यात पडली, खेळायला कुणी उरेना, म्हणून नाना भाडेकरूच मैदानात उतरवायचे. आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी कंपनीचं पत्र मागितलं नाही. माझ्या नवऱ्याला, महेशला, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कुटं खेळतोस?" महेश कॉलेजात गोलकीपर होता. झालं, खोली मिळाली. आमच्या मीटरवर नानांनी खडूनं आडनाव नाही, 'गोलकीपर' असं लिहिलं. शेजारच्या मीटरवर 'लेफ्ट बॅक'. त्या नांदेडच्या लेफ्ट बॅकची बंगळूरला बदली झाली, तर ती खोली तीन महिने रिकामी राहिली, पण नानांनी ती क्रिकेटवाल्याला काही दिली नाही.

आता आम्हाला भुकूमला फ्लॅट मिळाला होता, पुढच्या महिन्यात ताबा. हे नानांना सांगायची महेशची छाती होईना. त्यात नानांनी सगळ्या खोल्यांपुढे उभं राहून जाहीर केलेलं, की टीम यंदा खाली गेली तर बंद. त्यांच्या लीगमध्ये तीन गट. प्रत्येक गटात पहिला येणारा वरच्या गटात जातो, शेवटचा खालच्या. आम्ही दुसऱ्या गटात तळाला. शेवटच्या सामन्यात बरोबरी केली तरी वाचणार, हरलो की तिसऱ्यात. म्हणजे माण हरलं की टीम बंद, टीम बंद म्हणजे गोलकीपर नको, आणि आम्ही नानांच्या डोळ्याला डोळा भिडवून भुकूमला जायला मोकळे. मी सगळं नीट जुळवलं होतं. महेशला विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, माहीत नाही. मला त्याचा असा राग आला की घोटवड्यापर्यंत मी बोलले नाही.

रस्ता म्हणाल तर माणहून घोटवड्याच्या बाजूनं पौड गाठायचं. मधले खड्डे असे की कंबरेचा हिशेब दुसऱ्या दिवशी लागतो. पुण्याहून थेट जाणाऱ्यांना पौड रस्ताच बरा. पौडात पोट भरून घ्या, पुढे फारसं काही मिळत नाही. आम्ही मिसळ खाल्ली, तिखटजाळ, वर पातळ ताक. पौडच्या पुढे मात्र डोळे निवतात. दोन्हीकडे डोंगर, मधे कापून झालेली भातखाचरं. वेळ असेल तर तसंच पुढे जाऊन धरणाचं पाणी बघा. आम्हाला वेळ नव्हता.

मैदान म्हणजे बांध फोडून एकत्र केलेली तीन खाचरं. चालताना भाताचे खुंट पायाला टोचत होते. नानांचा टेम्पो आधीच पोचलेला. नाना पांढरा लेंगा घालून रेषेवर उभे. मी त्यांच्यापासून लांब, बांधावर एका बाईशेजारी बसले. सुनंदा तिचं नाव. तिचा नवरा किसन माल्याचा पुढचा खेळाडू, गोल करणारा. माले गटात पहिलं होतं. आज जिंकलं तर वरच्या गटात जाणार, नुसती बरोबरी झाली तर दुसऱ्या नंबरची टीम पुढे जाणार.

माले पहिलं आणि आम्ही शेवटचे, म्हणजे पाच-सहा गोल बसणार असा माझा अंदाज. पण मला कळेनाच काय चाललंय ते. किसनच्या पायात चेंडू आला, समोर एकटा महेश, आणि किसननं तो सरळ शेजारच्या हरभऱ्यात मारला. एकदा नाही, तीनदा. माल्याच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमचे लोक घाबरून मागेच उभे. मी सुनंदाला म्हटलं, तुमच्या मालकांची तब्येत बरी नाही का?

ती हसायलाच लागली. मग हळूच म्हणाली, "ताई, वर ग्येलं की म्याची पावसाळ्यात. दर रविवारी पुन्याला. मग भात कोन लावनार, मी एकटी?"

मी म्हटलं, मग नको म्हणून कळवायचं ना सरळ. तर म्हणे तसा नियम नाही. वर जायला नकार दिला की टीमचं नावच काढून टाकतात. मग पहिले आलातच कसे? ती म्हणाली, "चुकून. बाकीचे लईच वाईट निघाले."

आता बोला. मी कपाळाला हात लावला. तिला तिचा नवरा जिंकायला नको, मला माझा. पण माले जिंकलं नाही तर माण हरणार कसं? दोन बायका एका बांधावर शेंगदाणे खात बसलेल्या, आणि एकीची इच्छा पुरी झाली की दुसरीची बुडाली. मी तिला माझं काही सांगितलं नाही. लाज वाटली.

खेळ संपायला मिनिट-दोन मिनिटं राहिली असतील. गोल कुणाचाच नाही. तेवढ्यात किसनकडे चेंडू आला आणि काय झालं देव जाणे, बहुतेक तो विसरला. पाय असा बसला की चेंडू थेट महेशच्या डाव्या कोपऱ्याकडे सुटला. मी ज्यासाठी एवढे खड्डे खाल्ले तो क्षण हाच. आणि मी काय केलं? उभी राहून ओरडले, "महेश, धर!" शेजारी सुनंदाही ओरडत होती, "धर, धर!" आपल्या नवऱ्याचा चेंडू माझ्या नवऱ्यानं धरावा म्हणून.

महेश आडवा झाला आणि चेंडू त्याच्या पोटाशी होता. शिट्टी झाली. माले खूश, माण खूश. किसनला लोकांनी खांद्यावर घेतलं, गोल चुकवल्याबद्दल. सुनंदानं माझा हात घट्ट धरला आणि मला एकदम रडू आलं. का, ते आजही सांगता येत नाही.

परतताना पौडात चहाला थांबलो तेव्हा महेशनं नानांना एका दमात भुकूमचं सांगून टाकलं. नानांनी कपातला उरलेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाले, "ब्येस केलंस," आणि टेम्पोत जाऊन बसले. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी महेशला म्हटलं, चेंडू सोडला असतास तर हे झालं नसतं. तो म्हणाला, ओरडलं कोण?

पुढच्या महिन्यात आम्ही सामान हलवलं. गॅस, कपाट, गाद्या टेम्पोत चढल्या, तोही नानांचाच टेम्पो. तेवढ्यात जळगावचा एक मुलगा खोली विचारायला आला. उंच, लांब हातांचा. त्यानं कुठूनतरी ऐकलं असावं. मीटरकडे बघून तो स्वतःहूनच म्हणाला, काका, मी गोलकीपर आहे, कॉलेजच्या टीममध्ये होतो. माझ्या हातात कुंडी होती, ती तशीच राहिली. महेश खाली मान घालून दोरी बांधत होता.

नानांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग बाहीनं मीटरवरचा खडू पुसला.

"खोली घे," ते म्हणाले. "पन मागं ब्याकला खेळावं लागंल. गोलकीपर हाय आमच्याकडं. भुकूमला ऱ्हातो."