डावखुरी पलटण

मंजूषा भांडायच्या बेताने तोंड उघडायची आणि बाहेर पडायचं, "चहा टाकू?" नेदरलँड्समध्ये लायडनला आल्यावर ती डच शिकली, सायकल शिकली, पण सासूबाईंपुढे ब्र काढणं काही तिला जमलं नाही.

त्यात कोरोनाने घात केला. सरलाताई पुण्याहून नातीला भेटायला आल्या आणि विमानंच बंद झाली. नात डावखुरी निघालेली पाहून त्यांनी हायच खाल्ली. जेवताना त्या ज्ञानदाचा चमचा डाव्या हातातून काढून उजव्यात कोंबायच्या. पोर आताशा ताट पाहूनच "नॉट हंग्री" म्हणू लागली होती. तिचा बाप अंबरीश कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये सुखरूप.

मंजूषा एका छोट्या संग्रहालयात हौसेने काम करायची. तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून कागदावर छापलेली जुनी डच चित्रं, त्यांत सैनिकच सैनिक. बऱ्याच जणांची तलवार डाव्या हातात! पत्र्यावरचं चित्र छापताना उलटं उमटतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते तिने गिळलं आणि लॅपटॉप सासूबाईंपुढे सरकवला.

"बघा आई, शूर शिपाई, सगळे डावखुरे."

सरलाताईंनी चष्मा लावून पलटणीची तपासणी केली. "हा पत्ते कुटतोय. हा घोरतोय. हा मेला शेतकऱ्याची कोंबडी पळवतोय. लढतंय कोण?"

"लढाई मागे आहे, त्या धुरात." हे मात्र खरं होतं. या चित्रकारांच्या दारावरून फौजा गेल्या होत्या, त्यांना कोंबडीच आठवणार.

तरी मात्रा लागू पडली. चमच्याला कोणी हात लावेना, ज्ञानदा पोटभर जेवू लागली. मग रविवारी, ऐन जेवणाच्या वेळी, संग्रहालयातल्या एका गृहस्थांचं त्याच चित्रांवर डचमधून ऑनलाइन व्याख्यान आलं.

"काय म्हणाले ते?" सरलाताईंनी विचारलं.

"फार शूर होते म्हणाले," मंजूषाने ठोकून दिलं.

"नो आजी!" ज्ञानदा ओरडली. "ही सेड द पिक्चर इज रिव्हर्स्ड. दे आर राइट-हँडेड!"

"असं होय!" म्हणत सरलाताईंचा हात चमच्याकडे गेला.

"आई, तिच्या हाताला हात लावायचा नाही!"

मंजूषाचा आवाज असा चढला की अंबरीशने हेडफोन काढले. लॅपटॉपचा माइक चालूच होता, तिकडे व्याख्यानही थांबलं. मंजूषाने नजर खाली वळवली नाही.

सरलाताई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी हात मागे घेतला.

"एवढंच सांगायचं होतं ना? त्यासाठी अख्खी पलटण कशाला उभी केलीस गं?"