सोळाव्या मिनिटाची तार

मी आज जो काही आहे तो फर्दापूरच्या आमच्या गणिताच्या सरांमुळे. आमच्या घरात पदवीपर्यंत कोणी पोचलं नव्हतं. बारावीनंतर वडील मला दुकानात बसवणार होते. सर माझ्याबरोबर एसटीनं संभाजीनगरला आले, दिवसभर रांगेत उभे राहिले आणि इलेक्ट्रॉनिक्सला माझा प्रवेश घेऊनच परतले.

हेच सर तरुणपणी एका मोठ्या गवयांच्या मागे तंबोऱ्यावर बसायचे. त्यातल्या एका मैफलीचं ध्वनिमुद्रण झालं होतं. तिची गोष्ट आम्ही वर्गात कितीदा तरी ऐकली. गाणं ऐन रंगात असताना तंबोऱ्याच्या मधल्या जोडीची एक तार उतरली. सरांनी छेडणं न थांबवता, डाव्या हातानं तारेखालचा मणी सरकवून ती परत सुरात आणली.

“सर, तंबोऱ्यावर नुसतं बसायचंच असतंय ना?” मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास विचारायचं.

“तू पाच मिनिटं नुसता बसून दाखव, मग बोलू.”

गेल्या दिवाळीत तीच मैफल एका संगीताच्या ॲपवर आली. मी लगेच सरांच्या नातवाला लिंक पाठवली, ॲप कसं लावायचं तेही फोनवर सांगितलं. दोन दिवसांनी सरांचा फोन आला.

“मला काढून टाकलं रं त्यातनं.”

“म्हणजे, सर?”

“गाणं हाय, तबला हाय. तंबोरा नाय. पंख्यासारखी घरघर हाय नुसती. जुनं गाणं मशिनवर साफ करत्यात म्हणं. केलं असंल साफ.”

ते हसले. ते हसणं मला सोसवलं नाही. गवयांचं नाव ॲपवर होतं, सरांचं कुठंच नव्हतं. त्या गाण्यात त्यांची म्हणून एक तारच काय ती होती.

मी ऐकलं तर माझ्याकडेही तीच घरघर. मग ॲपचा सगळ्यात वरचा प्लॅन घेतला, ज्यात आवाज अजिबात न दाबता येतो म्हणतात. भारीतले ब्लूटूथ हेडफोन घेतले. फरक शून्य! चिकलठाण्याच्या कंपनीत मी सर्किट बोर्ड तपासतो, आणि घरातल्या एका गाण्यापुढे हात टेकले होते. रविवारी तडक गुलमंडी गाठली. तिथं एक चाचा जुने अँप्लिफायर दुरुस्त करतात. त्यांना सरांची, उतरलेल्या तारेची आणि घरघरीची सगळी गोष्ट सांगितली.

“टाकीत पाणी अव्वल, आणि नळ हा असला!” चाचांनी माझ्या हेडफोनवर टिचकी मारली. “ब्लूटूथ आवाज पुन्हा दाबून पाठवतं, साब. वायरचा लावा. फोन द्या इकडं.”

त्यांनी ॲपची सेटिंग उघडली आणि कपाळाला हात लावला.

“या अल्ला! डेटा सेव्हर चालू! नेट वाचवायला हे आवाज पार पिळून टाकतं. इंजिनियरसाब, ये कंजूसी कबसे?”

होस्टेलपासून. तेव्हा दिवसाचा नेट पुरवून पुरवून वापरायचो. पुढं नोकरी लागली, घरी वायफाय आलं, तरी नव्या फोनवर माझं बोट आधी त्याच बटणावर जायचं. आणि मग आठवलं. सरांच्या नातवालाही मीच सांगितलं होतं, “आधी डेटा सेव्हर लाव, मग गाणं.”

सरांना गाण्यातून काढणारा मीच होतो!

चाचांनी बटण बंद केलं, क्वालिटी सगळ्यात वर नेली, फोनला छोटं कनेक्टर लावून वायरचा हेडफोन माझ्या कानांवर चढवला. मी डोळे मिटले. घरघर नव्हतीच. चार तारा एकामागून एक उलगडत होत्या, आणि खर्ज तर थेट छातीत उतरत होता. मी तार उतरायची वाट बघत ऐकत राहिलो. सोळावं मिनिट लागलं.

“आली का तार?” चाचांनी विचारलं.

“उतरली, चाचा! उतरली!” मी भर दुकानात ओरडलो. “आता चढतेय!”

त्याच दिवशी हेडफोन आणि कनेक्टरचं पार्सल बांधलं आणि आत ही चिठ्ठी ठेवली.

“आदरणीय सर, साष्टांग नमस्कार.

तुम्हाला कोणीही काढलेलं नाही. चूक माझी होती. नातवाला म्हणावं, डेटा सेव्हर बंद कर आणि क्वालिटी सगळ्यात वर ने. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात खर्ज मावत नाही. सोबतची वायर लावा, नेट संपलं तर संपू द्या.

सोळाव्या मिनिटाला तुमची तार उतरते. छेडणं कुठंही थांबत नाही. मग ती हळूहळू चढते आणि सुरात बसते. त्या क्षणी गवई हलकेच ‘हां’ म्हणतात. ही गोष्ट तुम्ही वर्गात कधीच सांगितली नाहीत. बहुतेक मण्याकडे लक्ष होतं म्हणून तुम्हाला ऐकू आलं नसावं. मी दहा वेळा मागं नेऊन ऐकलं. ते त्या वेळी गात नव्हते, सर. ते ‘हां’ तुमच्यासाठी होतं.”