पाइप कोणाचा

आमच्या गल्लीत कावीळ पसरली, तेव्हा नगरपालिकेच्या आरोग्य अधिकारी स्वतः आल्या. मी गॅलरीतून पाहत होतो. पदर खोचून त्या गटाराशी वाकल्या. पिण्याच्या पाण्याचा पाइप गटारातूनच गेलेला, सांध्यापाशी गंजून फुटलेला. त्यांनी तिथूनच पाणीपुरवठा विभागाला फोन लावला. आधी तावातावाने बोलल्या, मग नुसतंच ऐकत राहिल्या.

"पाणी उकळून प्या. क्लोरीनच्या गोळ्या पाठवते," फोन ठेवून त्या म्हणाल्या.

"आणि पाइप?" शेजारच्या शोभाताईंनी विचारलं. त्यांची सून काविळीने दवाखान्यात होती.

"तो माझ्या हातात नाही."

"मग तुमच्या हातात काय आहे, मॅडम?"

"तुम्ही आजारी पडलात, की औषध देणं," त्या म्हणाल्या. आवाजात चीड होती, आणि ती आमच्यावर नव्हती.

मला त्यांच्यावर रागावता येईना, आणि राग गिळताही येईना. पाणी एका विभागाचं, गटार दुसऱ्याचं, आणि आजार तेवढा यांचा. गावाचं आरोग्य ज्यांच्या नावावर, त्यांना एक पाइप हलवता येऊ नये?

गोळ्या दुसऱ्या दिवशी आल्या. पुढे सून घरी आली, त्या दिवशीही शोभाताई त्याच नळाचं पाणी उकळत होत्या.