टेम्पो, ड्रायव्हर आणि हिरवी जाळी

सुजाताने मारलेला चेंडू पुन्हा उजवीकडच्या तुरीत गेला. सकाळपासून बरेच चेंडू त्याच तुरीत गेले होते, आणि सगळे एकाच वळणाने. सुरुवातीला सरळ, मग हवेतच उजवीकडे.

“सर, मी दमानंच मारून राह्यली,” ती म्हणाली.

ती दमाने मारत नव्हती. तिला तसं वाटत मात्र होतं. अडचण तीच होती.

मी गोल्फ शिकवतो. नोकरी नागपूरच्या एका क्लबमध्ये झाली. निवृत्तीनंतर मंगरूळपीरला परतलो. भावाच्या शेतातलं सोयाबीन निघालं होतं आणि एक तुकडा रिकामा होता. आम्ही तिथे उभे होतो.

सुजाता कामरगावची. तिचे वडील दादाराव भाजीची रोपं तयार करून विकतात. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन ती माझ्याच जुन्या क्लबच्या ऑफिसात लागली, तिथेच खेळ शिकली आणि हळूहळू नवशिक्यांना शिकवू लागली. क्लबला पूर्ण वेळ कोच हवा होता. जागा तिलाच द्यायची, असं ठरत आलं होतं. पण कोचच्या सर्टिफिकेटसाठी खेळण्याची परीक्षा द्यावी लागते. अठरा होलची, म्हणजे चेंडू एकामागून एक अठरा खळग्यांत घालण्याची फेरी दोनदा खेळायची आणि ठरलेल्या फटक्यांच्या आत संपवायची. सुजाता दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा सुरुवात उत्तम आणि शेवटचे काही होल खराब.

आदल्या आठवड्यात क्लबच्या सेक्रेटरी मॅडमचा फोन आला होता.

“सर, मुलगी शिकवते छान. पण कागद नसेल तर कमिटी सही करणार नाही. यावेळीही नाही झालं तर मला बाहेरचा माणूस घ्यावा लागेल.”

“आणि सुजाता?”

“ऑफिसात आहे तशीच राहील. रिसिटा फाडेल.”

सुजाता रजा टाकून घरी आली होती. एक दिवसाआड कारंज्याला बस बदलून माझ्याकडे यायची. बाकीचे दिवस घरी सराव.

आता थोडं तांत्रिक. गोल्फच्या पूर्ण फटक्याला स्विंग म्हणतात. स्टिक मागे नेत खांद्याच्या वर न्यायची, हा बॅकस्विंग. तिथून खाली चेंडूवर आणायची, हा डाउनस्विंग. चेंडू गेल्यावर शरीर वळून लक्ष्याकडे तोंड करून थांबतं, तो फिनिश. या सगळ्याच्या लयीला टेम्पो म्हणतात. चांगल्या खेळाडूला खाली यायला जितका वेळ लागतो, त्याच्या साधारण तिप्पट वर जायला लागतो. वर गेलेली स्टिक तिथे क्षणभर स्थिरावते. सुजाताची स्थिरावत नव्हती. ती वर पोचायच्या आत हात खाली ओढायला लागायचे. मग स्टिकचं तोंड उघडं, म्हणजे उजवीकडे वळलेलं राहायचं आणि चेंडू उजवीकडे वळायचा. सर्वांत लांब स्टिकला ड्रायव्हर म्हणतात. स्टिक जितकी लांब तितकी चूक मोठी, म्हणून ड्रायव्हरचे चेंडू तुरीच्याही पलीकडे जात होते.

मी पकड तपासली. ठीक होती. उभं राहणं ठीक. कंबर वळत होती. मोठ्याने आकडे मोजत स्विंग करायला लावला. तिचे आकडे संथ आणि हात घाईत, असं झालं. माझ्यासमोर दुपारपर्यंत ती सुधारायची आणि परवा परत यायची ती पहिल्यासारखी.

तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर मी रात्री विचार करून ठरवलं की काही दिवस ड्रायव्हर बंद. सकाळी तिला फोन लावला. पलीकडून “हॅलो” आलं. घाईत मी आवाज ओळखला नाही.

“हे बघ,” मी म्हणालो, “टेम्पो पार बिघडलाय. आणि ड्रायव्हर तर अजिबात कंट्रोलमध्ये नाही. आजपासून ड्रायव्हर बंद.”

“बिघडला? आत्ताच तं गेला ना थो इथून!” आवाज पुरुषाचा होता. “ड्रायव्हर कंट्रोलमधे नाई म्हंजे? पिऊन हाय का?”

मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला. सुजाताचा फोन दादारावांनी उचलला होता.

दादारावांकडे रोपं पोचवायला एक टेम्पो आहे. त्यावर शेषराव नावाचे ड्रायव्हर आहेत. माणूस माळकरी, तंबाखूलाही शिवत नाही. मिरचीची रोपं घेऊन ते निघाले होते. दादारावांनी मोटरसायकलवर पाठलाग करून त्यांना कारंज्याच्या अलीकडे गाठलं. मग पुन्हा मला फोन केला.

“मास्तर, तुमच्यापायी म्या शेषरावचं तोंड हुंगलं भर रस्त्यावर. चार लोकं पाहून राह्यले होते. थो आता माह्याशी बोलून नाई राह्यला.”

“दादाराव, तो टेम्पो वेगळा.”

“ते पोरीनं सांगतलं. पन आता तुमीच या घरी. शेषरावले बी समजावून सांगा, टेम्पो म्हंजे काय आन् ड्रायव्हर म्हंजे काय. माह्या तोंडून थो आयकनार नाई.”

म्हणून मी कामरगावला गेलो. एरवी गेलो नसतो.

बस स्टँडवरून त्यांच्या वाडीत पोचलो, तेव्हा सुजाताचा सराव चालू होता. ती मला दिसायच्या आधी ऐकू आली. धाड. थोडा वेळ शांत. पुन्हा धाड.

मोटरपंपाच्या टिनाच्या खोलीसमोर रोपवाटिकेची जुनी हिरवी जाळी टांगलेली होती. रोपांवर सावलीला लावतात ती शेडनेट. चेंडू जाळीत जायचा, जाळी मागे ताणली जायची आणि फटका जोराचा असेल तर मागचा टिनपत्रा वाजायचा. हलका असेल तर नुसतं थप. बाजूला बाजेवर दादाराव आणि शेषराव बसले होते, एकमेकांकडे पाठ करून. टिन वाजलं की दोघेही मान हलवत होते.

“आयकलं का मास्तर?” दादाराव म्हणाले. “पार रोडापर्यंत आवाज जाते. लोकं इचारतात, कोन मारून राह्यलं?”

शेषराव म्हणाले, “पोरीच्या हाताले जोर हाय. बाकी या घरात कोनाले अक्कल नाई.”

“आता सोड ना बाप्पा.”

“तोंड हुंगलं तुमी माहं.”

मी सुजाताकडे बघत होतो. तिने फटका मारला, टिन वाजलं, आणि आवाज विरायच्या आत ती पुढच्या चेंडूसाठी वाकली होती. फिनिश नाहीच. थांबणार कशासाठी? जाळीत चेंडू लगेच खाली पडतो. तो कुठे गेला, वळला की सरळ गेला, काही कळत नाही. कळतो तो फक्त आवाज. माझ्याकडे एक दिवस ती दम शिकायची आणि घरी पुढचा दिवस टिन वाजवायची.

मी तिच्या हातून स्टिक घेतली, उलटी करून दिली. चेंडूला लागणारं टोक हातात, मूठ बाहेर.

“चेंडू नको. हवेत फिरव. सूं आवाज कुठे येतो ते सांग.”

तिने फिरवली.

“कुठे आला?”

तिने पुन्हा फिरवली. “कानापाशी, सर. खांद्याच्या वर.”

“चेंडू कुठे असतो?”

“खाली.”

“म्हणजे तुझा वेग चेंडूवर पोचायच्या आधीच संपतो. सूं चेंडूच्या पुढे यायला पाहिजे.”

त्या दिवशी मी दोनच गोष्टी सांगितल्या. जाळी काढायची. आणि मोकळ्या शेतात मारलेला प्रत्येक चेंडू जमिनीवर पडेपर्यंत फिनिशमध्ये उभं राहायचं. तोल जात असेल तर स्विंग चुकला, मग चेंडू कितीही चांगला जावो.

जाळीवर दादाराव अडले.

“मास्तर, जोर कमी नाई का होनार?”

“आवाज कमी होईल.”

“मंग लोकं काय म्हनतीन? पोरगी थकली?”

“बाबा,” सुजाता म्हणाली, “लोकायले परीक्षा द्याची हाय का मले?”

जाळी शेषरावांनी उतरवली.

पुढचे दिवस सोपे नव्हते. सूं खाली आणायला तिला वेळ लागला. आधी तो खांद्यापाशी, मग कमरेपाशी, मग एका सकाळी चेंडूच्या पुढे स्पष्ट आला. आम्ही दोघांनीही ऐकला. त्यानंतर चेंडू दिले. फटका मंद दिसायचा आणि चेंडू पूर्वीपेक्षा लांब पडायचा. तिला ते खरं वाटेना. पावलांनी मोजून आली. तुरीत जाणारे चेंडू कमी झाले, मग जवळपास बंद झाले. भावाने तुरीतून गोळा केलेले जुने चेंडू एका पोत्यात भरून मला परत दिले आणि म्हणाला, “आता पीक घेऊ देता का?”

परीक्षेला मी गेलो होतो. प्रेक्षकाने खेळाडूशी बोलायचं नसतं, म्हणून दोरीच्या बाहेरून चालत राहिलो. पहिली फेरी नीट पार पडली. दुसरीत शेवटून दुसऱ्या होलवर ती घाईत गेली. मला लांबूनही दिसलं. चेंडू उजवीकडे झाडांत. तिथून बाहेर काढताना फटके वाया गेले. आता शेवटचा होल नीट खेळल्याशिवाय सुटका नव्हती. मागच्या दोन्ही वेळा नेमकी इथेच ती कोसळली होती.

तिने बॅगेतून ड्रायव्हर अर्धा काढला. थांबली. परत ठेवला. छोटी स्टिक घेतली. बाजूला जाऊन ती उलटी धरून एकदाच हवेत फिरवली. बरोबरचे दोघे परीक्षार्थी बघत राहिले. मग चेंडूमागे उभी राहिली आणि मारला.

चेंडू मैदानाच्या मधोमध पडला. तो पडून, उसळून, थांबेपर्यंत सुजाता फिनिशमध्ये उभी होती. स्टिक खांद्यामागे, तोंड लक्ष्याकडे, पाय जागच्या जागी. इतकी वर्षं शिकवलं, पण इतका स्वच्छ फिनिश माझ्या फार थोड्या विद्यार्थ्यांनी केला आहे. मी तो पूर्ण पाहिला. स्कोअर नंतर विचारला.

ती पास झाली. मॅडमनी त्याच संध्याकाळी मला फोन केला. “कमिटीने सही केली,” एवढंच म्हणाल्या. दादारावांना मी स्वतः कळवलं, आणि यावेळी आधी विचारून घेतलं की कोण बोलतंय.

“शेवटाले ड्रायव्हर वापरलाच नाई म्हनते पोरगी,” ते म्हणाले. “शेषरावले सांगतो. खुश होईन थो.”

हिरवी जाळी आता पुन्हा मिरचीच्या रोपांवर आहे. सुजाताकडे नवशिक्यांची बॅच आहे. परवा तिचा फोन आला होता.

“सर, एका मॅडमचं समजूनच नाई राह्यलं. माह्यासमोर चांगल्या मारतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पकड पाह्यली, उभं राहनं पाह्यलं. काय करू?”

मी तिला एवढंच विचारलं, की त्या मॅडम घरी सराव कुठे करतात.