उघाडीवरच्या हिरामणची शांती

हिरामणला काळजी करायची खोड होती. खोड कसली, तो धंदाच होता त्याचा. उरणकडच्या खाडीकाठी त्याचं गाव. गावाची सगळी भातशेती खाडीच्या पाण्यापेक्षा खालच्या अंगाला, आणि मध्ये मातीचा बांध. बांधात एक लाकडी दार, त्याला उघाडी म्हणायचे. भरती यायच्या आधी दार खाली सोडायचं, ओहोटी लागली की उचलून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जाऊ द्यायचं. काम एवढंच. पण खारं पाणी एकदा जरी आत शिरलं, तर त्या जमिनीत तीन वर्षं भाताचा दाणा धरत नाही. स्वराज्य आलं त्या वर्षी बाप वारला आणि हे काम हिरामणच्या गळ्यात पडलं. त्या बदल्यात सुगीला गाव त्याला घरटी भात द्यायचं.

दार सोडलं तरी ह्या बाबाचं समाधान व्हायचं नाही. पाण्यात उतरायचं, पायाच्या बोटांनी दाराची खालची कड चाचपायची, फटीफटीत चिखल लिंपायचा, घरी येऊन चार घास खायचे आणि पुन्हा धूम ठोकायची बांधावर. "दार काय पळून जातंय व्हय?" त्याची बायको येसूबाई करवादायची. पोरीच्या हळदीतसुद्धा हा मांडवातून दोनदा उठून गेला. व्याही बघतच राहिले. पोटात सदा गोळा, झोपेच्या नावानं शिमगा, अंगावर मांस म्हणून नाही. वैद्याच्या पुड्या झाल्या, भगताचा अंगारा झाला. शेवटी पंचावन्न सालच्या माघात तो पालीच्या गणपतीला नवस बोलायला निघाला.

देवळाच्या वाटेवर एक माणूस पथारीवर चोपड्या मांडून बसला होता. तळहाताएवढ्या, दोन आण्याला एक. त्यातल्या एका पिवळीच्या कव्हरावर मोठ्या अक्षरांत होतं, 'काळजी सोडा, अंतरीचे यश मिळवा'. हिरामण चौथीपर्यंत शिकलेला. बोट ठेवून एकेक शब्द वाचला आणि त्याला वाटलं, अरे, हे तर आपल्यालाच हाक मारून सांगतायत! पिवळी घेतली, शेजारची निळीही घेतली. नारळाचे पैसे संपले. मग रिकाम्या हातानं देवाला काय सांगणार? लांबूनच नमस्कार करून परत आला आणि वाटभर विचार करत राहिला की देव रागावला असेल की त्यानंच ही चोपडी पुढं केली असेल.

घरी वाचायला बसला आणि घोळ सुरू झाला. पिवळी म्हणे, जे व्हायचे ते होतेच, तुम्ही केवळ साक्षी राहा. निळी म्हणे, यश प्रयत्नाचे आहे, क्षणभरही गाफील राहू नका. दोन्ही एकाच छापखान्यातल्या, एकाच पथारीवरच्या! आणि हे अंतरीचं यश म्हणजे तरी काय? परीक्षा दिली नाही, कोर्टात खटला लढलो नाही, मग यश कसलं?

"अगं, ह्यातलं खरं कोणचं?" त्यानं येसूबाईला विचारलं.

"मला इचारता? झेपंल ते करा आनि ताट घ्या."

हिरामणनं डोकं खाजवलं. निळीत सांगितलंय ते आपण जन्मभर करतोच आहोत, आणि त्यानं पोटात गोळा उठलाय. म्हणजे औषध पिवळीत असणार. त्याच्या परीनं हिशेब चोख होता, त्याला काय नावं ठेवणार!

तो रोज सकाळी पाटावर डोळे मिटून बसू लागला. विचार येतील तसे जाऊ द्या, त्यांच्यामागे धावू नका, असं चोपडीत होतं. पहिले दोन महिने विचार येत आणि हा त्यांच्यामागे धावत थेट बांधापर्यंत जाई. पण पुढं काय झालं कुणास ठाऊक, श्रावणात एके दिवशी दार सोडून तो घरी आला, जेवला आणि चक्क आडवा झाला. घोरला! येसूबाईनं दोनदा नाकाशी हात धरून बघितला. पोटातला गोळा विरघळला. गालावर तुकतुकी आली. गावात बोलबाला झाला, हिरामण निवळला म्हणून. आणि खरं सांगायचं तर तो सुखी होता हो. पावसाचा आवाज नुसता ऐकत बसता येतो, हे त्याला चाळिसाव्या वर्षी कळलं.

भाद्रपदातली सर्वपित्री अमावास्या आली. त्या अमावास्येचं उधाण मोठं असतं, भर दुपारी खाडी बांधाच्या कडेला टेकते. सकाळी हिरामणनं दार सोडलं. खाली उतरून पाय फिरवायचा विचार मनात आला. आला तसा त्यानं तो जाऊ दिला. घरी येऊन आंघोळ केली आणि वाडवडिलांची पानं वाढायला घेतली.

दाराखाली बांबूचं एक पेर अडकलं होतं. दोन बोटांची फट. उधाणाचं पाणी त्या फटीतून असं घुसलं की बाजूची माती सुटली आणि बघता बघता बांधाला बैलगाडी जाईल एवढी खांड पडली. "बांध गेला! बांध गेला!" ओरड उठली. अशी ओरड झाली की हातातलं टाकून धावायचं, घरात मढं असलं तरी, ही त्या गावाची रीत. पितरांची पानं कावळ्यांवर सोडून बायाबापड्या टोपल्या घेऊन पळाल्या. हिरामण छातीइतक्या पाण्यात आडवा होऊन चिखलाचे गोळे दाबत होता आणि लहान मुलासारखा रडत होता. उतरत्या पाण्याबरोबर संध्याकाळी खांड बुजली. बाकीची शेतं मधल्या बांधांनी वाचली. गेलं ते एकट्या आवडाबाईचं, उघाडीला लागून असलेलं. आवडाबाई म्हणजे हिरामणची लांबची काकी. नवरा नाही, मूल नाही, तेवढा एक तुकडा, आणि त्यातलं भात पोटरीत, लोंब्या फुटायच्या बेतात आलेलं.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळात गाव बसलं. आता हिरामणला गप्प राहता आलं असतं. बांबू उधाणानं आणला म्हटलं असतं तर कोण नाही म्हणणार होतं? काम गेलं तर घरात खायला काय, हेही त्याला दिसत होतं. पंच काळूरामनं विचारलं, "पाय फिरवला व्हतास का दाराखाली?"

हिरामण म्हणाला, "न्हाय."

"का?"

"मन शांत व्हतं."

देवळात कुणी हसलं नाही.  काळूराम एकदम भडकला. "शांत व्हतं म्हणं! आरं, तुझ्या त्या भ्यायच्या जीवावर गाव जेवत व्हतं! तुझ्यावाणी घाबरट आनखी कुठनं आणू? काम तूच करायचं. चोपड्या खाडीत टाक आनि पयल्यासारखा भ्यायला लाग."

हिरामणनं मान डोलावली. पण भ्यायला लाग म्हणून कुणी भितो? पुढचे आठ दिवस तो दाराखाली रोज दहादा पाय फिरवत होता, तेही जबरदस्तीनं, आणि पोटातला गोळा काही परत येईना. त्याची त्यालाच लाज वाटली. शेत बुडवून आपण निवांत झोपतो म्हणजे आपण संत झालो की दगड झालो? खाडीत टाकायची राहिलेली निळी उघडून बघितली. तिच्यात ह्यावर काही नव्हतं.

नवव्या दिवशी आवडाबाई दारात येऊन उभी राहिली. हिरामण खाली मान घालून बसला. ती बोलेल ते ऐकून घ्यायचं त्यानं ठरवलं होतं.

"हिरामण, खरं सांग. तुला त्या चोपडीनं बरं वाटलं व्हतं?"

"व्हय काकी. पोटात गोळा न्हवता."

"मंग मला वाचून दाखव. मला तीन वरसं काढायची हायेत."

ती टोचून बोलतेय की खरंच मागतेय, हे त्याला तिच्या तोंडावरून ओळखू येईना. येसूबाईकडे बघितलं, तर तिनंही नजर चुलीकडे वळवली. शेवटी त्यानं पिवळी काढली आणि आवडाबाईच्या पडवीत जाऊन बसला. समोर तिचं शेत. भात मुळापासून काळं पडून झोपलेलं.

त्यानं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. चौथ्या पानावर एक ओळ आली आणि जीभ अडखळली. त्यानं पटकन पान उलटलं.

"काय गाळलंस? मला वाचता येत न्हाय, ऐकू येतं. वाच."

हिरामणनं पान मागं उलटलं. "जे गेले त्याचा शोक करू नका," त्यानं कसंबसं वाचलं. "ते तुमचे कधीच नव्हते."

आवडाबाईनं शेताकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाली, "ज्यानं हे लिवलंय, त्याचं शेत कुठं व्हतं रं?"

हिरामणनं चोपडी पुढून बघितली, मागून बघितली. शेवटच्या पानावर नुसता छापखान्याचा पत्ता होता, आणि त्याखाली किंमत.