खांद्याकडे गेलेला हात

दसऱ्याच्या सकाळी सोसायटीच्या आवारात माझ्या जुन्या गाडीला झेंडूचा हार घालून झाला होता. लेकीला अठरा वर्षं पूर्ण झाली, लायसन्स मिळालं, तेव्हा तिची पहिली गाडी हीच, असं मी घरात कुणालाही न विचारता ठरवून टाकलं होतं. गोल गोल दिवे, आरशासारखा चकाकणारा बंपर; बघायला शेजारी जमले होते. चाकांखाली लिंबं मी स्वतः ठेवली.

ती स्टिअरिंगमागे बसली आणि तिचा हात सवयीने उजव्या खांद्याकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. हात क्षणभर चाचपडला आणि मुकाट्याने मांडीवर आला.

"बाबा, पट्टा?"

"या गाडीला कधी नव्हताच गं," मी हसत म्हणालो, आणि ते हसू माझं मलाच ओशाळवाणं वाटलं. इतके दिवस हा बंपर घासताना माझ्या मनात कोण होतं? ती नक्कीच नव्हती. आपल्याला जे मिरवायचं असतं ते मुलांच्या हाती द्यायचं, त्यालाच माया म्हणायचं, आणि वर त्यांच्या जिवासाठी लिंबं ठेवायची!

मी शेजारी बसलो. लिंबं फुटली, गाडी पुढे सरकली आणि माझा हात आपसूक तिच्यापुढे आडवा झाला.

"बाबा, हात काढ ना, चालवता येत नाहीये."

बाहेर टाळ्या वाजत होत्या. त्या टाळ्यांसमोर "गाडी बंद कर" एवढंही मला म्हणवत नव्हतं.