बाराव्या झोनमधला चहा

नांदेडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माझा स्वभाव तापट आहे, हे गिऱ्हाइकांनी सांगायच्या आधी मीच सांगून टाकतो. पण लातूरच्या सरांपुढं माझा आवाज निघत नाही. त्यांनी मला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं आणि कंधारहून आलेल्या माझ्यासारख्या ठोंब्याला पास करून दाखवलं. सर मूळचे मुरुडचे. त्यांचा आवाज असा, की शेवटच्या बाकावर डुलकी घ्यायची सोय नव्हती.

नेमकी त्या आवाजालाच नजर लागली. घशाचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यानंतर बोलता येणार नाही. मधे तीन आठवडे होते. सरांनी मला फोन केला. "रडायला येऊ नको, रेकॉर्ड करायला ये. सगळं फिजिक्स बोलून टाकतो."

मी रेकॉर्डर घेऊन गेलो आणि सोबत एक भलीमोठी हार्ड डिस्क, हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेली. एवढी जागा एवढ्या स्वस्तात कामून मिळून राहिली, हे विचारायची अक्कल मला ती विकत घेतल्यावर आली. ती झोनवाली डिस्क निघाली. साधा कॉम्प्युटर तिच्यावर फाईल ठेवूच देईना. टर्मिनलची काळी खिडकी उघडायची आणि एकेक हुकूम हातानं टाइप करून तिच्याकडून काम करून घ्यायचं, असला सगळा मामला.

सरांना मी समजावलं. या डिस्कचे हजारो तुकडे पाडलेले असतात, त्यांना झोन म्हणतात. प्रत्येक झोनमध्ये वरून खाली ओळीनं लिहीत जायचं. मधली ओळ खोडता येत नाही. चुकलं तर अख्खा झोन पुसायचा आणि पहिल्यापासून लिहायचं.

"म्हणजे शाईनं लिहायची वहीच की," सर म्हणाले. "मग पहिल्या पानावर श्री."

"सर, एका झोनमध्ये तासाभराचं लेक्चर मावतं. तिथं एकच अक्षर?"

"कोऱ्या वहीत पहिल्याच पानावर धडा लिहितात का रे? हेच शिकवलं का मी?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. डिस्क मोजणी शून्यापासून करते, म्हणून शून्याच्या झोनमध्ये फक्त श्री टाकला. बाकीची जागा वाया. नांदेडची बस येईपर्यंत मी स्टँडवर एकटाच धुसफुसत होतो. पुढं मात्र सरळ होतं, पहिलं लेक्चर पहिल्या झोनमध्ये, दुसरं दुसऱ्यात. रेकॉर्डर भरला की सगळं डिस्कवर घ्यायचो आणि रेकॉर्डर रिकामा करायचो. दुसरी प्रत नंतर काढू म्हणालो होतो. ते नंतर काही आलं नाही.

ऑपरेशन झालं, सर बरे झाले, आवाज गेला. आता ते पाटीवर लिहून बोलतात. पाटीवरसुद्धा ओरडतात. रागावले की खडू मोडतो.

लेक्चर गावोगावच्या पोरांना वाटायच्या आधी सरांना सगळी एकदा ऐकायची होती, म्हणून मी डिस्क घेऊन लातूरला गेलो. बारावं लेक्चर घर्षणाचं. त्यात मधेच सर काकूंशी, म्हणजे त्यांच्या बायकोशी, चहावरून बोलून राहिले होते. रेकॉर्डर बंद करायचं राहून गेलं होतं. सरांनी हात वर करून मला तिथंच थांबवलं आणि पाटीवर लिहिलं, 'हे पुसून टाक. मुखेडची पोरं हसतील.'

मधलं तेवढं डिस्कवर पुसता येत नव्हतं. म्हणून मी बारावा झोन कॉम्प्युटरवर उतरवून घेतला, चहाचं बोलणं कापलं आणि साफ प्रत त्याच फाईलवर साठवली. आता डिस्कवरचा बारावा झोन रीसेट करायचा, म्हणजे पुसायचा, आणि ही साफ प्रत तिथं लिहायची. हुकूम टाइप केला, एंटर दाबलं. पण साफ प्रत लिहायला गेलो तर डिस्कनं सरळ नकार दिला. बाराव्यात आधीचं लिहिलेलं तसंच होतं.

मी आधी डिस्कला शिवी दिली. मग माझाच हुकूम परत वाचला. एक झोन पूस, एवढंच मी सांगितलं होतं. कुठला, ते सांगायचं राहिलं. ते सांगितलं नाही की पुसणं शून्यापासून सुरू होतं. आणि 'एक' म्हणायचंही राहिलं असतं, तर काही न विचारता सगळी डिस्क कोरी झाली असती.

"सर, मी शेण खाल्लं," मी म्हणालो.

सरांनी पाटी मांडीवर ठेवली. त्यांचा चेहरा तसा मी कधी बघितला नव्हता. मी झोनचा रिपोर्ट मागवला आणि बोट ठेवून एकेक ओळ मोठ्यानं वाचत गेलो. शून्य, रिकामा. एक, लिहिलेला. दोन, लिहिलेला. असं करत शेवटच्या लेक्चरपर्यंत. गेला होता तो फक्त श्री.

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. सरांनी पाटीवर आधीच्या ओळीखाली लिहिलं, 'पहिल्या पानावर धडा लिहिला असता तर?' अशा वेळीसुद्धा त्यांना माझे मार्क कापायचे होते.

बारावा नीट आहे ना, हे बघायला तो पुन्हा उतरवला आणि लावला. घर्षण, खोकला, आणि मग सरांचा तो खणखणीत आवाज, "अगं, चहा ठेवलास का?"

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. रेकॉर्डिंगमधल्या काकू म्हणाल्या, "दोनदा झाला की. घसा दुखून राहिला तर बोलता कशाला?"

"बोलून घेतो गं. पुढं सगळं तुलाच बोलायचं हाय."

दारातल्या काकूंनी मला विचारलं, "हे पुसून राहिलास का रे?"

"सर म्हणाले म्हणून."

"बाकी सगळं फिजिक्स हाय त्याच्यात. माझ्याशी बोललेलं एवढंच हाय."

सरांनी बाहीनं अख्खी पाटी पुसली. मग लिहिलं, 'पोरांना कापलेलं दे. श्री परत टाक. बाराव्याला हात लावू नको.'

काकू सरांच्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, पुन्हा लाव. मी पुन्हा लावलं.

"अगं, चहा ठेवलास का?"

"ठेवते," काकू म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.